मोहाडीकर ले-आउटच्या बाह्या

धरमपेठेच्या पश्चिमेला, नाल्याच्या अलीकडे, मोहाडीकर ले-आउट म्हणून एकोणीस घरांची एक वस्ती होती. तिथली माणसं अख्ख्या धरमपेठेत दुरून ओळखू यायची. रस्त्यानं एखादा गृहस्थ चालला आहे, त्याचं एक मनगट झाकलेलं अन् दुसरं उघडं आहे, पॅन्टची एक मोहरी धूळ झाडत चालली आहे अन् दुसरी घोट्याच्या वर तरंगते आहे, तर समजावं, हा मोहाडीकर ले-आउटचा. कोणी विचारलंच तर तो छाती काढून सांगायचा, "आमच्या केशव टेलरनं शिवला. आमी बाहेर शिवत नाही."

साल चौऱ्याहत्तर. सगळ्या नागपुरात तेव्हा बेलबॉटमचं खूळ होतं. केशवनं ते खूळही आपल्या परीनं पूर्ण केलं. त्याच्या बेलबॉटमचा एक पाय घंटेसारखा असायचा अन् दुसरा बासरीसारखा. ले-आउटची कॉलेजात जाणारी पोरं तीही घालून जायची. घरून निघताना नाही म्हणायची सोय नव्हती, कारण वस्तीत मंडळ होतं.

आपुलकी मंडळ. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले मधुकरराव त्याचे अध्यक्ष. मंडळाचं म्हणणं एकच, की जे वस्तीत मिळतं ते वस्तीबाहेर घेऊ नये. आता वस्तीत मिळत काय होतं? भैय्याजीचं किराणा दुकान होतं. तिथे तुरीची डाळ मागायला जावं तर चण्याची घेऊन यावं लागायचं, अन् वर तुरीनं पित्त होतं हे ऐकावं लागायचं. लहानूचं सायकलचं दुकान होतं. तिथे पंप दोन होते अन् दोन्हींतून हवा येत नव्हती. अन् केशव टेलर होता. या तीन दुकानांना जगवायचा विडा मंडळानं उचलला होता. वस्तीच्या तोंडाशी लिंबाचं झाड, त्याखाली सिमेंटचा बाक, बाकावर रोज संध्याकाळी मंडळाचे चार पेन्शनर. सीताबर्डीहून येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीकडे ते असे पाहायचे, जसा नाक्यावरचा शिपाई ट्रककडे पाहतो. एखाद्याच्या पिशवीत बर्डीचा तयार शर्ट सापडला, की त्याला दंड ठरलेला होता: केशवकडे नवं कापड शिवायला टाकायचं. म्हणजे पाप करायचं बर्डीला, अन् शिक्षा अंगात घालून फिरायची.

पुष्पलता या वस्तीत नरखेडकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली. येताना आंदणात पायाची शिलाई मशीन घेऊन आली. माहेरी तिच्या हातचं पोलकं घ्यायला तीन गावच्या बाया यायच्या. इथे आल्यावर दोन वर्षं मशीन पलंगाखाली होती. मग मुन्नी झाली, अन् ती चार महिन्यांची होत नाही तोच रविंद्र कामाला होता ती कापडगिरणी आठवड्यातून तीनच दिवस चालायला लागली. बाकीचे चार दिवस रविंद्र खाटेवर बसून मुन्नीला मांडीवर खेळवायचा आणि म्हणायचा, "होईन गा, होईन सगळं ठीक." कोणाला म्हणायचा कोण जाणे, मुन्नीला की छताला. पुष्पलतानं मशीन पलंगाखालून ओढली, तेल घातलं, आणि समोरच्या ओसरीत मांडली. दारावर पाटी लावायची, बायकांचे अन् लेकरांचे कपडे शिवून मिळतील, एवढंच तिला हवं होतं. घर त्यावर चाललं असतं.

दुसऱ्याच दिवशी मधुकरराव आले. ओसरीत खुर्चीवर बसले, चहा घेतला, मशीनकडे पाहिलं.

"सूनबाई, मंडळ तुमच्या पाठीशी आहे," ते म्हणाले. "पण नियम सात. वस्तीत जो धंदा आहे, त्याचं दुसरं दुकान वस्तीत नाही. केशवचं काय होईन?"

"केशवकाका जास्त माणसाइचं शिवतात काकाजी. मी बायाइचं शिवीन."

"शिलाई ते शिलाई."

"मंग उसवलेलं टाचून देणं चालते का?"

मधुकरराव विचार करताना डोळे मिटून घेत. आता त्यांनी ते इतका वेळ मिटले, की सासूबाई, सिंधूताई, पुढे होऊन पाहून गेल्या.

"दुरुस्ती हा धंदा नाही," शेवटी ते म्हणाले. "तो शेजारधर्म आहे. तो करा. पण पाटी नाही. अन् मशीन मागच्या खोलीत."

ते गेल्यावर सिंधूताईंनी कप उचलला. "पाठीशी आहे म्हणे. पाठीशीच राहाले पाहिजे त्याइनं, समोर आले की चहा लागते."

तर अशी ती मशीन मागच्या खोलीत गेली. त्या खोलीचं दार मागच्या सांदीत उघडायचं. पुष्पलताला वाटलं, आता तिच्यावर पुन्हा पलंगाखालचे दिवस आले. पण आठच दिवसांत मागचं दार वाजलं. दुपारी दोनची वेळ, पेन्शनर घोरत पडलेले. दारात जिजाबाई, खुद्द अध्यक्षांची बायको.

"काय वं पुष्पा, निजली का पोट्टी?"

"आत्ताच डोळा लागला काकू. हळू बोला."

जिजाबाईंनी पदराखालून चोरीचा माल काढावा तसा एक शर्ट काढला. "पाहाय वं, यायच्या शर्टाची बाही. हात घातला तं बोटं दिसत नाही. जेवाले बसले की बाही वरणात."

"अन् दुसरी?"

"दुसरी कोपराच्या खाली उतरत नाही. मी म्हटलं, दोन्ही मिळून दोन चांगल्या झाल्या असत्या."

"मंग केशवकाकाले परत काहून नाही देत?"

"बाई वं! काय बोलून राहिली! अध्यक्ष आहेत ना ते. अध्यक्षच नाव ठेवाले लागले तं मंडळ कशाले मंग? तू बसवून दे बरोबर, अन् सांगू नोको कोणाले. हे घे." एक वाटी पुढे आली. "मुरमुऱ्याचा चिवडा आहे. पोट्टीले दे."

"काकू, पोट्टीले दात नाही आले अजून."

"मंग तू खाय."

जिजाबाई गेल्या अन् पाठोपाठ भैय्याजीची बायको आली, तिच्या मागून आणखी एक. महिन्याभरात एकोणीस घरांपैकी अठरा घरं मागच्या सांदीनं येऊन गेली. प्रत्येकीला वाटायचं, आपण एकटीच येतो. दोघी समोरासमोर आल्या तर एक म्हणायची, मी मुन्नीला पाहायला आले होते, अन् दुसरी म्हणायची, मीही. दुसऱ्या कोणत्या लेकराला इतक्या आत्या-मावश्या एका जन्मात पाहून गेल्या नसतील. अन् शेजारधर्म असल्यामुळे कोणी शिलाई देत नव्हतं. चिवडा देत होतं, लिंबू देत होतं, एकीनं तर आशीर्वाद दिला अन् वाटी परत नेली.

कामात मात्र पुष्पलतानं कधी हात आखडला नाही. ती केशवची शिवण ब्लेडनं अशी उसवायची, की कापडाला कळू नये. लांब बाहीतलं चार बोटं कापड काढायची, ते आखूड बाहीला कफच्या मागे जोडायची, पट्ट्याला पट्टा असा मिळवायची की जोड शोधून सापडू नये. शोधत कोणी नव्हतंच म्हणा. मुन्नी छताला टांगलेल्या साडीच्या झोक्यात असायची. मशीन चालू असली की ती झोपायची, थांबली की डोळे उघडायची. म्हणून कधीकधी काम संपलं तरी पुष्पलता सुई वर करून, दोरा काढून, नुसतीच पाय मारत राहायची. तेवढ्यात तिला लेकराचं तोंड पाहायला मिळायचं. ओठांवर दुधाचा एक थेंब, मुठीत आईच्या पोलक्याचा कतरा. मशीन रिकामी चालली आहे, पोरगी भरल्या पोटानं झोपली आहे, अन् सगळी वस्ती आपल्या हातच्या बाह्या घालून केशवचं नाव घेत फिरते आहे. हसावं की काय करावं, तिला कळायचं नाही.

केशवबद्दल तिला राग नव्हता. एकदा मुन्नीला कडेवर घेऊन ती त्याच्या दुकानावरून चालली होती. साठीचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, सुई डोळ्याशी धरून दोरा ओवत होता. ती भैय्याजीकडे जाऊन, तुरीऐवजी चणा घेऊन परत आली तरी ओवतच होता.

"द्या काकाजी, मी ओवून देतो."

"राहू दे वं माय. जमते." तो सुईकडेच पाहत म्हणाला. मग थोड्या वेळानं, "ही कोणाची पोट्टी?"

"माझी. रविंद्रची."

"मोठी झाली." त्यानं हात पुढे करून मुन्नीच्या झबल्याची कड दोन बोटांत धरली, जरा चोळली, अन् सोडली.

त्या वर्षीच्या थंडीत मंडळानं ठरवलं, केशवच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली, त्याचा सत्कार करायचा. शाल, नारळ, मोकळ्या प्लॉटवर मांडव, रविवारी सकाळी दहाला. पुष्पलतानं तो मोका धरला. तिनं एका कागदावर अर्ज लिहिला, पाटी लावायची परवानगी द्यावी, अन् रविंद्रच्या हातानं पाठवला. रविंद्र परत आला तो मान खाली घालून.

"काय म्हटलं?"

"म्हणे सत्काराच्या दिवशी सांगू. सगळ्याइसमोर."

"तोंड काहून पडलं मंग?"

"म्हणे, त्या दिवशी केशवले दुःख होईन असं काही आपण करणार नाही."

"झालं," सिंधूताई म्हणाल्या. "नाही म्हणाले बी आता मांडव लागते याइले." अन् मग, सुनेकडे न पाहता, "नाही म्हटलं तं तू तुझ्या बापाकडे जाजो महिना-दोन महिने. लेकराच्या दुधाचं तरी होईन." त्यांना ते बोलणं जड गेलं, म्हणून त्या उठून भांडी घासायला बसल्या, जी घासलेलीच होती.

माहेरी परत जायचं, ते लग्न होऊन तिसऱ्या वर्षी, लेकरू कडेवर अन् मशीन बैलगाडीत. त्या आठवड्यात पुष्पलताला झोप म्हणून लागली नाही.

आणि त्याच आठवड्यात मागचं दार थांबेना. केशवच्या सत्काराला बरं दिसायला पाहिजे, म्हणून घराघरातून केशवचे कपडे तिच्याकडे यायला लागले. पेन्शनरांचे कोट, पोरांच्या बेलबॉटम, जिजाबाईंचं किरमिजी पोलकं, ज्याचा गळा मागे होता की पुढे हेच पहिल्यांदा ठरवावं लागलं. म्हणजे शिंप्याच्या कौतुकाला जायचं, अन् त्याआधी त्याची सगळी शिवण उसवून घ्यायची. जगात दुसऱ्या कोणत्या वस्तीला हे सुचलं नसतं. अन् यात काही वावगं आहे असंही एकालाही वाटलं नाही. अध्यक्षांचा बंद गळ्याचा कोट शनिवारी दुपारी आला, आणि जिजाबाई म्हणाल्या, "यात चांगलं मन लाव वं. यायले भाषण आहे."

"अर्जाचं काही बोलले का काकू?"

"मी कायले विचारू? माणसाइच्या गोष्टी त्या." अन् जाता जाता, "मुंढा जरा सैल ठेवजो. हात वर करून बोलतात ते."

रविवारी मांडव भरला. पुष्पलता मुन्नीला घेऊन बायकांमध्ये, मागे बसली. तिनं सहज नजर फिरवली अन् तिला आपलंच काम रांगेनं बसलेलं दिसलं. एकोणीस घरांची माणसं जन्मात पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी सारखी दिसत होती. खुर्चीवर केशव बसला होता, हार गळ्यात, हात मांडीवर, समोर धूसर पाहत.

मधुकरराव माइकसमोर आले. हात वर केला. मुंढा बरोबर बसला होता.

"बंधूंनो आणि भगिनींनो! केशवराव म्हणजे आपल्या वस्तीचं भूषण. लोक बर्डीला जातात, इतवारीला जातात. आपण गेलो नाही! का गेलो नाही? कारण आपल्या माणसाचा हात! आणि मी तर म्हणेन, गेल्या पाच-सहा महिन्यांत केशवरावांच्या हाताला एक निराळीच सफाई आली आहे. वय वाढतं तसा हात बसत जातो, तो असा. हा कोटच पाहा!"

टाळ्या पडल्या. भैय्याजीनं तर उभं राहून वाजवल्या. पुष्पलताच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मुन्नीनं तिची बांगडी तोंडात घातली होती. तिनं ती घालू दिली. मागून जिजाबाई हळूच पुटपुटल्या, "मनावर घेऊ नोको वं, भाषण आहे," अन् लगेच टाळ्या वाजवायला लागल्या.

शाल घालताना मधुकररावांनी केशवला मिठी मारली. फोटोवाल्यानं थांबायला सांगितलं, म्हणून दोघं तसेच थांबले. केशवचा हात अध्यक्षांच्या खांद्यावर होता. फोटो निघाला तरी तो हात निघाला नाही. बोटं खांद्यावरून मुंढ्याकडे सरकली, शिवणीवरून चालली, थांबली, परत मागे आली. मधुकरराव हसत उभे होते अन् जरा अवघडत होते.

"हे टीप माझी नाही," केशव म्हणाला.

माइक जवळच होता. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"काय बोलून राहिला गा केशव?" मधुकरराव हलक्यानं म्हणाले. "तूच तं शिवला हा कोट."

"कापड मी बेतलं. टीप माझी नाही." तो तसाच दोन पायऱ्या उतरला, चाचपत पहिल्या रांगेत आला, भैय्याजीची बाही धरली, उलटी केली. "हे बी नाही." पुढच्याची कॉलर. "हे बी." लोक खुर्चीत मागे सरकायला लागले, जसा तो त्यांचे खिसे तपासतो आहे. "अरे बाप्पा. अख्ख्या वस्तीत माझी एक टीप नाही राहिली."

"केशव, गैरसमज होऊन राहिला तुझा—"

"गैरसमज नाही मधुकरराव, बाही आहे. हातात आहे माझ्या." केशवनं भैय्याजीची बाही हलवून दाखवली, भैय्याजी तिच्यामागे हलला. "कोणाचं काम आहे हे?"

ज्या अठरा घरांनी मागच्या सांदीनं जाणं-येणं केलं होतं, ती अठराही घरं मांडवाच्या कापडाकडे पाहायला लागली. पुष्पलताला वाटलं, आता जर आपण गप्प बसलो, तर ही माणसं उद्याही गप्प बसतील, अन् उद्या दुपारी दोन वाजता परत दार वाजवतील. तिनं मुन्नीला सिंधूताईंच्या मांडीवर दिलं अन् उभी राहिली.

"माझं काम आहे काकाजी."

रविंद्रनं डोळे मिटले. केशव आवाजाच्या दिशेनं वळला.

"झबलेवाली का?"

"हाओ."

"इकडे ये."

ती गेली. लोकांना वाटलं आता तो रडेल, नाहीतर ओरडेल. केशवनं तिला धरून अध्यक्षांसमोर उभं केलं अन् त्यांच्या काखेत बोट घातलं. "इथं चूण पडली."

पुष्पलतानं पाहिलं. चूण होती. बारीक, पण होती. सहा महिने ती हे काम करत होती अन् एकानंही तिच्या टाक्याकडे नीट पाहून एक शब्द काढला नव्हता, बरा नाही की वाईट नाही. तिच्या अंगात काहीतरी एकदम जागं झालं.

"मुंढा तुमीच तिरपा बेतला होता काकाजी. मी कापड कुठून आणू?"

"कॉलरीच्या आतल्या पट्टीतून काढाचं."

"काढलं असतं तं कॉलर पडली असती."

"कॅनव्हास घालाचा आतून."

"कॅनव्हास कशाचा घेऊ? शिलाईत चिवडा भेटते मले, लिंबू भेटते!"

मांडवात कोणीतरी खोकलं. जिजाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. केशव मात्र हसला, अन् इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"चिवडा! मले तं तेबी नाही देलं, मले शाल देली." मग तो माइककडे वळला नाही, तिथूनच बोलला, पण शांतता अशी होती की माइक लागला नाही. "सहा वर्सं झाले, मले दिसत नाही. मोतीबिंदू आहे. मी वाट पाहून राहिलो, कोणी तरी येईन, कपडा तोंडावर फेकीन, म्हणीन, केशव, बाही चुकली तुझी, बंद कर दुकान. कोणी नाही आलं. उलटं नवीन कापड घेऊन आले. माझा लेक रामटेकले आहे, तो म्हणते, बा, ये, डोळ्याचं ऑपरेशन करू. मी म्हटलं, कसा येऊ, लोकाइचा माझ्यावर जीव आहे, मी गेलो तं उघडे राहतीन. तुमच्यासाठी दुकान उघडं ठेवलं मी. अन् तुमी माझ्यासाठी हे घालून फिरले. अन् रात्रंदिवस उसवून राहिली ही पोट्टी."

"पण आमी कधी तक्रार केली का?" मधुकरराव दुखावून म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"तेच तं सांगून राहिलो," केशव म्हणाला. "मी उद्या रामटेकले चाललो."

आता खरी धांदल उडाली. वस्तीतला एक धंदा बंद पडणार! मंडळाचे चार पेन्शनर मांडवाच्या कोपऱ्यात जमले, दोन मिनिटं डोकी एकत्र आली, अन् भैय्याजी माइकवर आला. "ठराव! आजपासून वस्तीच्या टेलर म्हणून सौभाग्यवती पुष्पलताबाई! सगळ्याइनं कपडे त्याइच्याकडेच शिवाचे! बाहेर शिवीन त्याले दंड!" टाळ्या पडल्या. त्याच टाळ्या, तेच हात, तेवढाच आवाज. मधुकरराव तिच्याकडे वळले. चेहऱ्यावर पुन्हा अध्यक्ष आला होता.

"पाटी लाव सूनबाई. अन् घाबरू नोको. तू कसंबी शिव, आमी घालू."

इतके दिवस जे मागत होतो ते हातात आलं अन् पुष्पलताचा संताप झाला. कसंही शिव. बारा वर्षांची असल्यापासून बोटं टोचून घेतली ती कसंही शिवायला? तिला पलीकडे उभा असलेला केशव दिसला, शाल अंगावर, हातानं खुर्ची शोधत असलेला. असंच पंचवीस वर्षांनी आपल्यालाही एक नारळ मिळेल.

"काकाजी, पाटी मी लावतो," ती म्हणाली. "पण दंड-बिंड नोको मले. ज्याले पटलं त्यानं यावं, नाही पटलं त्यानं बर्डीले जावं. बसलं नाही तं परत आणावं, भांडावं. अन् समोरच्या दारानं यावं. मागचं दार आजपासून बंद."

या वाक्याला टाळ्या वाजवायच्या की नाही हे मंडळाला ठरवता आलं नाही.

सोमवारी रविंद्रनं पाटी लावली. जरा तिरपी लागली; पुष्पलतानं त्याला परत स्टुलावर चढवलं अन् सरळ करवली. मशीन ओसरीत आली. अन् मग मंगळवार गेला, बुधवार गेला, शनिवार गेला, कोणी आलं नाही. वस्ती रुसली होती. मदत नको म्हणते म्हणजे काय! बायका समोरून जाताना ओसरीकडे न पाहता जात अन् दोन पावलं पुढे जाऊन पाहत. रविंद्र म्हणाला, "होईन गा ठीक," पण या वेळी मुन्नीलाही ते खरं वाटलं नसावं. सिंधूताईंनी एकदाही माहेरचं नाव काढलं नाही, हेच पुष्पलताला जास्त लागलं.

रविवारी मधुकरराव आले. समोरच्या दारानं. हातात टेरिकॉटचं कापड. "मंडळाच्या वतीनं पहिलं कापड मी आणलं," ते म्हणाले. "शर्ट शिव. कसा—"

"माप द्या काकाजी," पुष्पलता म्हणाली.

तिनं टेप लावली. खांदा, बाही, छाती. मग परत खांदा. मग ती मागे सरली अन् त्यांच्याकडे तिरप्या मानेनं पाहायला लागली.

"तुमचा डावा खांदा पडला आहे. दोन बोटं."

"काय?"

"उजव्यापेक्षा खाली आहे. डावी बाही थोडी आखूड घ्यावी लागते, मंग सारखी दिसते."

मधुकररावांचा चेहरा लाल झाला. अठ्ठावन्न वर्षं ते त्या खांद्यांवर मान ताठ ठेवून फिरले होते. "माझा खांदा? मले आजपर्यंत कोणी असं म्हटलं नाही!"

"नसन म्हटलं. आहे मात्र."

त्यांनी कापडाची घडी घातली, काखेत मारली अन् निघाले. जाताना म्हणाले, "बर्डीला चांगले टेलर आहेत." दुपारपर्यंत वस्तीभर झालं, की पुष्पलतानं अध्यक्षांना वाकडं म्हटलं. सिंधूताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं, पहिलंच गिऱ्हाईक होतं! थोडं गोड बोलली असती तं काय झालं असतं?"

"आत्याबाई, केशवकाकासंग सगळे गोडच बोलले," पुष्पलता म्हणाली, अन् मुन्नी जागी होऊ नये म्हणून रिकामी मशीन चालवत बसली. मापाबद्दल तिला शंका नव्हती. दोनच बोटं.

बुधवारी सकाळी ती मुन्नीला पाजत होती. ओसरीत चपलांचा आवाज झाला. सिंधूताईंनी दारातून डोकावून पाहिलं अन् आत येऊन डोळे मोठे केले.

"कोण आहे?"

"वाकडा खांदा."

बाहेर मधुकरराव उभे होते, कापड तेच. घसा खाकरून ते दाराच्या चौकटीला उद्देशून म्हणाले, "बर्डीचा टेलरबी तेच म्हणते."

"कोणता खांदा म्हणे?" आतून पुष्पलतानं विचारलं.

मधुकररावांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं. "डावा."

"बसा काकाजी. पोट्टी पिऊन राहिली. झाली की येतो."

मधुकररावांनी इकडेतिकडे पाहिलं. अध्यक्षांना थांबवून ठेवायची वस्तीत पद्धत नव्हती. खुर्चीवर पुष्पलताचंच उसवलेलं पोलकं पडलं होतं, ते त्यांनी उचललं नाही. ओसरीच्या पायरीवर बसले, कापड मांडीवर घेऊन. समोरून जिजाबाई चालल्या होत्या. त्या थबकल्या, नवऱ्याकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं, अन् घरी परत गेल्या. पाच मिनिटांनी त्या किरमिजी पोलकं पदराच्या वर, सगळ्यांना दिसेल असं धरून आल्या, अन् नवऱ्याच्या खालच्या पायरीवर बसल्या.

"नंबर माझा आहे," मधुकरराव म्हणाले.

"असन. मले भांडाचं आहे, तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागन," जिजाबाई म्हणाल्या. "पुष्पा वं! गळा काखेत बसवला का तू माझ्या पोलक्याचा?"

आत मुन्नीनं आवाजाकडे तोंड वळवलं, दूध सोडलं. पुष्पलतानं तिचे ओठ पदरानं टिपले, टेप गळ्यात अडकवली, अन् लेकराला कडेवर घेऊन, बाहेर निघता निघताच ओरडली, "आणा इकडे, पाहू! अन् गळा जर माझा चुकला असन ना काकू, तं फुकट शिवून देईन. तुमी जाड्या झाल्या असान तं मंग नाही!"